सायकलच्या चेनला कुठलं तेल? पावसाळा, खारी हवा आणि जांभ्याची धूळ

समुद्रपक्षी

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीत राहते. रोज कामावर सायकलनेच जाते आणि रविवारी भाट्याचा पूल ओलांडून पावसकडे, नाहीतर आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळ्याकडे. सायकल २४ गिअरची हायब्रिड आहे. मागे ८ चक्रांची कॅसेट, ब्रेक डिस्कचे.

प्रश्न चेनच्या तेलाचा आहे. आमच्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यामुळे चार महिने चेन धड सुकत नाही. पाऊस नसतो तेव्हा खारी हवा असते. सायकल दोन दिवस उभी राहिली की चेनवर तांबूस पूड दिसायला लागते. आणि पाऊस संपला की जांभ्याची लाल धूळ, ती थेट मेपर्यंत.

सध्या शिलाई मशीनचं तेल घालते. दोन दिवस चेन गप्प असते, मग करकर सुरू. दुकानात विचारलं तर एकाने ग्रीस सांगितलं, दुसऱ्याने मोटरसायकलचा चेन स्प्रे. ऑनलाइन पाहिलं तर वेट ल्यूब, ड्राय ल्यूब, वॅक्स, सिरॅमिक. एवढ्याशा बाटलीला इतके पैसे द्यायचे तर ते कशासाठी, हे समजून घेऊन द्यायचे आहेत. गेल्या वर्षी चेनबरोबर कॅसेटही बदलावी लागली, म्हणून जास्त काळजी वाटते. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

हवापंप

ताई, सांगलीत आमचं सायकलचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासून. सरळ सांगतो, ९० नंबरचं गिअर ऑइल घ्या. मोटरसायकलच्या चेनला लावतात तेच. कुठल्याही ऑटो पार्टच्या दुकानात मिळतं आणि एक डबा तुम्हाला काही वर्षं पुरेल. शिलाई मशीनचं तेल फार पातळ, ते पहिल्या सरीत वाहून जातं. ९० नंबर पावसात टिकतं. आमच्याकडे दूधवाले, पेपरवाले येतात त्यांच्या सायकलींना आम्ही हेच घालतो आणि त्यांच्या चेनी वर्षानुवर्षं चालतात.

ग्रीस मात्र घालू नका. ते वरच बसतं, आत जात नाही.

घाटवाट

>>९० नंबरचं गिअर ऑइल घ्या<<

हवापंप दादा, साध्या सायकलसाठी तुमचं म्हणणं पटतं. पण गिअरच्या सायकलला हे घातलं की आठवड्याभरात चेन, कॅसेट, डिरेलरची (गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या मागच्या भागाची) छोटी चाकं, सगळं काळं कुळकुळीत. मी ब्रेवे करतो, म्हणजे २००, ३००, ४००, ६०० किलोमीटरच्या ठरलेल्या वेळेतल्या राइड. २०० ला साडेतेरा तास मिळतात, ६०० ला ४०. इतका वेळ चेन चालते तेव्हा तिच्यात काय भरलंय ते पायाला कळतं. आमच्या ग्रुपमधले बरेच जण आता मेणावर आलेत. साधं पॅराफिन मेण वितळवून त्यात चेन बुडवायची. चेनला हात लावला तरी बोट काळं होत नाही. समुद्रपक्षी ताई, एकदा करून बघा, परत तेलाकडे जाणार नाही.

निवांत

वाचतोय. माझ्याकडे वडिलांची २२ इंची काळी सायकल आहे, पूर्ण चेनकव्हरवाली. तिला मी खोबरेल घालतो. घरात असतं आणि हाताला वास चांगला येतो. हे बरोबर आहे का, तेही कुणी सांगावं.

बुशिंग

चांगला धागा. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे, नोकरीत कन्व्हेयरच्या चेनींशी रोजचा संबंध येतो, आणि पुण्यात सायकलही चालवतो. थोडं लांबलचक लिहितो, कारण तेल कुठे लागतं हे कळलं की कुठलं तेल हा प्रश्न निम्मा सुटतो.

सायकलची चेन म्हणजे रोलर चेन. हान्स रेनॉल्ड यांनी मँचेस्टरमध्ये १८८० मध्ये तिचं पेटंट घेतलं. मूळ रचना आजही तीच आहे: बाहेरच्या दोन पट्ट्या, आतल्या दोन पट्ट्या, आरपार जाणारी पिन आणि तिच्याभोवती फिरणारा रोलर. दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. जुन्या चेनमध्ये पिनेभोवती वेगळी बुश असायची. गिअरच्या आजच्या चेनमध्ये ती नसते. आतल्या पट्टीचाच काठ गोल उचललेला असतो आणि पिन त्यात फिरते. यामुळे चेन बाजूला वाकायला मोकळी होते आणि गिअर पटकन पडतात. तेल आत जायलाही सोपं. पण पाणी आणि धूळही त्याच वाटेने आत जातात.

प्रत्येक कडी चक्रावर चढताना एकदा वाकते आणि उतरताना एकदा सरळ होते. झीज होते ती इथे, पिन आणि त्या गोल काठाच्या मध्ये. चेन लांबली असं आपण म्हणतो तेव्हा पोलादाच्या पट्ट्या ताणलेल्या नसतात. शंभराहून जास्त पिना प्रत्येकी जराशा झिजलेल्या असतात आणि त्याची बेरीज दिसते. अशी लांबलेली चेन कॅसेटच्या दातांवर नीट बसत नाही, दात खायला लागते. समुद्रपक्षी, तुमची कॅसेट बहुधा अशीच गेली.

म्हणजे तेल पाहिजे ते पिनेवर आणि रोलरच्या आत. पट्ट्यांच्या बाहेर जे चकाकतं त्याचा उपयोग गंज रोखण्यापुरता. बाकी ते धूळ पकडण्याचं काम करतं. धुळीतली सिलिका पोलादाच्या तोडीची कठीण असते. तेलात ती मिसळली की गॅरेजमध्ये व्हॉल्व्ह बसवायला वापरतात तशी ग्राइंडिंग पेस्ट तयार होते आणि प्रत्येक पायडलला पिन घासत राहते. चेनवरचं काळं बोटांत चोळून बघा. कचकच लागली तर ती पेस्टच आहे.

अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर यांच्या गटाने १९९९ मध्ये चेनची कार्यक्षमता मोजली. ती ८१ ते ९८.६ टक्के आली. चक्र मोठं आणि चेनवर ताण जास्त असेल तेव्हा ती वाढली. तेल बदलून मात्र कार्यक्षमतेत लक्षात येईल असा फरक दिसला नाही. आता प्रयोगशाळेत धूळ नव्हती, हे ध्यानात घ्या. तेलाचं मोठं काम झीज, गंज आणि घाण रोखण्याचं आहे. बाटलीवर वेगाचं आणि वॉटचं जे लिहिलेलं असतं ते शर्यतीत उतरणाऱ्यांसाठी. रोज कामावर जाणाऱ्याने बघायचं ते एवढंच, की आपल्या रस्त्यावर पाणी जास्त आहे की धूळ.

आता निवांत काकांसाठी. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं, म्हणजे पुण्याच्या डिसेंबरात सकाळी ते चेनमध्ये घट्ट असतं. शिवाय खाण्याची तेलं हवेने हळूहळू चिकट होतात. स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट पंख्यावर जो थर बसतो तो तोच. करडई, सूर्यफूल यांचं हे लवकर होतं. खोबरेलाचं फार सावकाश होतं, त्यामुळे तुमच्या चेनचं नुकसान झालं नसेल. पण खनिज तेल घाला, स्वस्त आणि जास्त टिकाऊ.

निवांत

मनापासून आभार. पिनेचं कधीच कुणी सांगितलं नव्हतं. मग चेनकव्हर आहे तर कुठलं घालू?

बुशिंग

काका, हवापंप म्हणतात तेच ९० नंबर. पूर्ण चेनकव्हर असलं की धूळ आणि चिखल चेनपर्यंत पोचतच नाही, त्यामुळे जाड तेलाचा तोटा उरत नाही. दूधवाल्यांच्या चेनी टिकतात त्यात तेलाइतकाच वाटा चेनकव्हरचा आणि जाड चेनचाही आहे. बाहेर असणाऱ्या अरुंद चेनचं गणित वेगळं.

कालव्याकाठी

नेदरलँड्समधून अनुमोदन. इथे घरोघरच्या साध्या सायकलला पूर्ण बंद चेनकेस असते. माणसं भर पावसात ऑफिसला जातात, सायकल रात्रंदिवस बाहेर उभी असते आणि चेनकडे महिनोन् महिने कुणी बघत नाही. माझी दुसरी सायकल मात्र उघड्या चेनची आहे. हिवाळ्यात बर्फ होऊ नये म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि ती चेन एका रात्रीत लाल होते. म्हणून खाऱ्या हवेबद्दल समुद्रपक्षी यांना एक सांगते: कुठलंही तेल घाला, पण त्याआधी मीठ धुवायला हवं. मिठावर तेल घातलं तर मीठ आतच राहतं. मी घरी आल्यावर साध्या पाण्याचा हलका फवारा मारते, जोरात नाही, फडक्याने चेन कोरडी करते आणि मग तेल. प्रेशर पंपाने धुऊ नका, पाणी हबच्या आणि पायडलच्या बेअरिंगमध्ये शिरतं.

समुद्रपक्षी

सगळ्यांचे खूप आभार. बुशिंग यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. दोन प्रश्न. डब्ल्यूडी-४० चालेल का? ऑफिसमध्ये सगळे तेच सांगतात. आणि मोटरसायकलचा स्प्रे का नको?

बुशिंग

डब्ल्यूडी-४० अमेरिकेत सॅन डिएगोच्या रॉकेट केमिकल कंपनीने १९५३ मध्ये बनवलं. अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज चढू नये म्हणून ते वापरलं गेलं. नावातलं डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट, पाणी हटवणं, आणि ते काम ते उत्तम करतं. निळ्या-पिवळ्या डब्यात बहुतांश द्रावक असतं, तेल थोडं. म्हणून भिजलेल्या चेनमधलं पाणी हटवायला, गंज सैल करायला, काळं पुसायला वापरा. नंतर ते उडून जाऊ द्या आणि खरं तेल घाला. तेच तेल समजून चाललात तर दोनच दिवसांत करकर येणार. त्याच कंपनीचं सायकलच्या चेनसाठी वेगळं तेलही आहे, ती गोष्ट निराळी.

बऱ्याच मोटरसायकलच्या चेनला पिनेभोवती रबरी रिंग असते आणि आत कारखान्यातच ग्रीस भरून बंद केलेलं असतं. तो स्प्रे बाहेरून चिकटून राहण्यासाठी, जोरात फिरताना उडू नये म्हणून केलेला असतो. सायकलच्या चेनला ती रिंग नाही आणि तुम्हाला तेल आत हवंय. त्यात तुमचे ब्रेक डिस्कचे. मागच्या चाकाजवळ कुठलाही स्प्रे मारला तर तुषार डिस्कवर जातात, पॅड ते शोषून घेतात आणि ब्रेक लागत नाही. पॅड फेकून द्यावे लागतात. घाटात हे जिवावर बेतू शकतं. थेंब पाडता येईल अशीच बाटली घ्या.

हवापंप

बुशिंग साहेबांनी चेनकव्हरचं सांगितलं ते बरोबर आहे, मान्य. आता दुकानातलं निरीक्षण सांगतो. गिअरची सायकल येते, चेन तेलाने थबथबलेली आणि तरी करकरणारी. माणूस म्हणतो, आत्ताच तर तेल घातलं. तेल घातलेलं असतं पण पुसलेलं नसतं, आणि धुतलं तर त्याआधी कधीच नसतं. जुन्या घाणीवर नवं तेल. आमच्याकडे ओव्हरऑइलिंगला, म्हणजे सगळी खोलून साफ करायला, सायकल आली की आम्ही चेन आधी काढून डिझेलमध्ये घासतो. पूर्वी रॉकेल असायचं, आता ते मिळत नाही. धुऊन सुकवून मग तेल, आणि मग कोरड्या फडक्याने चेन इतकी पुसायची की बाहेरून तेल घातलंय असं वाटूही नये. पोराला शिकवताना सगळ्यात जास्त वेळ हे पुसणं शिकवण्यातच जातो.

डिझेल गटारात ओतू नका ही विनंती. बरणीत ठेवा. गाळ खाली बसतो, वरचं परत वापरता येतं.

संत्रानगरी

+१ पुसण्याला. नागपुरात आमच्याकडे पाऊस बेताचा पण उन्हाळ्यात धुळीचा कहर. घाटवाट, मेणाबद्दल विचारायचं होतं. मे महिन्यात इथे ४५ च्या वर पारा जातो. मेण वितळून खाली नाही का येणार?

घाटवाट

नाही येणार. मेणबत्तीसाठी जे शुद्ध पॅराफिन मिळतं ते साधारण ५८ ते ६० अंशांना वितळतं. चालत्या सायकलची चेन तेवढी तापत नाही. सायकल बंद गाडीत ठेवून गाडी उन्हात उभी केली तर मात्र मऊ पडेल. ते टाळा.

पद्धत लिहितो, कारण ती अर्धवट केली की लोक मेणाला नावं ठेवतात.

नवी चेन असो की जुनी, तिच्यातलं तेल आणि ग्रीस पूर्ण निघायला हवं. नव्या चेनमध्ये कारखान्यातलं ग्रीस असतं. ते चांगलं असतं, तेलच वापरणार असाल तर ते काढूही नका. पण मेण ग्रीसवर धरत नाही. रंगाच्या दुकानात मिनरल टर्पेंटाइन मिळतं. झाकणाच्या बरणीत चेन आणि टर्पेंटाइन घालून हलवायचं, ओतायचं, नवं घ्यायचं, द्रव स्वच्छ राहीपर्यंत. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने एकदा, कारण टर्पेंटाइन पातळ थर मागे सोडतं. मग चेन पूर्ण सुकवायची.

पॅराफिन डब्यात, डबा पाण्याच्या पातेल्यात. चेन तारेत ओवून मेणात सोडायची. पिनांमधून हवेचे बुडबुडे निघतात. ते थांबेपर्यंत, दहा-पंधरा मिनिटं, मधूनमधून हलवत ठेवायचं. मग काढून टांगायची. गार झाली की ती काठीसारखी ताठ होते. एकेक कडी हाताने वाकवून मोकळी करायची आणि सायकलला लावायची. पहिल्या काही किलोमीटरला मेणाचे कण पडतात, नंतर नाही.

कोरड्या रस्त्यावर एका बुडवणीत ३०० किलोमीटर आरामात जातात. पुण्यात बोहरी आळीत मेणबत्तीचं साहित्य मिळतं, तिथून साधं, बिनवासाचं, बिनरंगाचं पॅराफिन आणा. देवघरातल्या उरलेल्या मेणबत्त्या वापरू नका, त्यात काय मिसळलंय ते कळत नाही.

कालव्याकाठी

घाटवाट, एक अत्यंत महत्त्वाचं राहिलं. मेण थेट गॅसवर कधीच ठेवू नका. पाण्याच्या पातेल्यात ठेवलं की मेण १०० अंशांच्या वर जात नाही, सुरक्षित राहतं. थेट आचेवर ते तापत जातं, वाफा धरतात आणि भडका उडतो. आणि मेण पेटलं तर त्यावर पाणी ओतायचं नाही. पाण्याची क्षणात वाफ होते आणि पेटतं मेण चारी बाजूंना उडतं. झाकण टाकायचं आणि आच बंद करायची. शक्यतो इंडक्शन वापरा. लहान मुलं घरात असतील तर ती झोपल्यावरच हे काम काढा. टर्पेंटाइनची बरणी त्या खोलीतही नको.

घाटवाट

पूर्ण सहमत. ताई, बरं झालं लिहिलंत.

समुद्रपक्षी

हे सगळं वाचून मेणाची ओढ वाटतेय. पण घाटवाट, तुम्ही कोरड्या रस्त्याचं म्हणालात. जुलैत आमच्याकडे कोरडा रस्ता नसतोच. तेव्हा?

घाटवाट

तिथे मेण कमी पडतं, हे मान्य करायलाच हवं. मेण घर्षण उत्तम सांभाळतं, घाण आत येऊ देत नाही. पण ते तेलासारखं पसरून पोलाद झाकत नाही. तास-दोन तास पावसात चालवली की पाणी उघड्या जागा शोधतं. घरी येऊन लगेच चेन सुकवून परत मेण दिलं नाही तर सकाळी गंज. पावसातल्या ब्रेवेला मी बाटलीतलं थेंबाचं मेण बरोबर ठेवतो. ते पाण्यात कालवलेलं मेण असतं, पाणी उडालं की मेण उरतं. दक्षिण आफ्रिकेचं स्क्विर्ट हे त्यातलं आपल्याकडे ओळखीचं नाव. पण तेही सुकायला वेळ लागतो. आदल्या रात्री लावलं तर फायदा, निघताना लावलं तर पहिल्या सरीत जातं.

बुशिंग

म्हणून मी रत्नागिरीसाठी वर्षाचे दोन भाग करीन.

जून ते सप्टेंबर जाड तेल. बाजारातलं वेट ल्यूब घ्या किंवा ९० नंबर घ्या. पैशांचा विचार असेल तर ९० नंबर घेऊन नीट पुसा, वेट ल्यूबच्या फार मागे नाही ते. फक्त गिअर ऑइल सायकलच्या अरुंद चेनमध्ये शिरायला वेळ घेतं. थेंब टाकून पायडल उलटं फिरवत राहा, रात्रभर ठेवा आणि सकाळी पुसा. काही जण इंजिन ऑइलमध्ये तिप्पट मिनरल टर्पेंटाइन मिसळून घरचं पातळ तेल करतात. टर्पेंटाइन तेल आत नेतं आणि स्वतः उडून जातं. तेही चालतं, पण आगीपासून लांब आणि उघड्या हवेत करा. पावसाळ्यात चिखल उडतो पण धूळ उडत नाही आणि पाणी बरंच काही धुऊन नेतं, त्यामुळे जाड तेलाचा तोटा त्या दिवसांत कमी असतो. मागचं आणि पुढचं मडगार्ड लावा, पुढच्या चाकाचा चिखल सरळ चेनवर येतो.

ऑक्टोबर ते मे मेण. चेन काढायचा कंटाळा असेल तर थेंबाचं मेण, हौस असेल तर वितळवलेलं. जांभ्याची धूळ अतिशय बारीक असते आणि तेलावर लगेच बसते, मेणावर ती फारशी टिकत नाही. खाऱ्या हवेत मात्र मेणाच्या चेनवर बाहेरून तांबूस दिसू शकतं. समुद्राकाठून आल्यावर ओल्या फडक्याने पुसून, कोरड्याने पुसा. तरीही त्रास झाला तर तुमच्यासाठी वर्षभर वेट ल्यूब आणि आठवड्याला पुसणं हाच मार्ग. तेलाचा पातळ थर गंजाला मेणापेक्षा चांगला रोखतो आणि तुमचं घर किनाऱ्याजवळ आहे.

ऑस्ट्रेलियात झीरो फ्रिक्शन सायकलिंग नावाने चेनच्या झिजेच्या दीर्घ चाचण्या होतात, त्यांतही बुडवून दिलेलं मेण झिजेच्या बाबतीत आघाडीवर असतं. पण त्या चाचण्या यंत्रावर होतात, रात्रभर ओल्या पडवीत उभ्या केलेल्या सायकलवर नाहीत.

हवापंप

यात माझी भर. तेलावरून मेणावर जाताना चेन पूर्ण धुवावी लागते, ते वर्षातून एकदाच करायचं तर दिवस कुठला? आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुसतात आणि दसऱ्याला सायकली धुऊन हार घालतात. गिऱ्हाईक सगळ्यात जास्त तेव्हाच येतं. पाऊस नुकताच सरलेला असतो, चेनमध्ये चार महिन्यांचा चिखल असतो. धुवायची खरी वेळ तीच. ताई, हाराआधी चेन.

आणि मेणाला आमच्या दुकानात अजून कुणी विचारलं नव्हतं. पॅराफिन आणून करून बघणार आहे. घाटवाट, बुडवणीनंतर डिरेलरच्या चाकांचं काय करता?

घाटवाट

दादा, ती कॅसेट आणि चेनव्हीलबरोबर टर्पेंटाइनच्या फडक्याने पूर्ण पुसायची. कुठेही तेल राहिलं तर ते चेनवर येतं आणि मेण काळं पडतं. चाकांच्या बेअरिंगमध्ये मात्र टर्पेंटाइन जाऊ देऊ नका.

संत्रानगरी

चेन कधी बदलायची ते कळण्याचा सोपा उपाय कुणी सांगेल का? दुकानात मापायचं पातं असतं, घरी नाही.

बुशिंग

३० सेंटिमीटरची पोलादी पट्टी पुरते. चेन सायकलवरच असू द्या, पायडलवर थोडा दाब देऊन वरची बाजू ताणा. एका पिनेची डावी कड शून्यावर धरा आणि २० कड्या मोजून त्या पिनेची डावी कड बघा. नव्या चेनला २५४ मिलिमीटर येतात. ८, ९, १० चक्रांच्या चेनला २५६ च्या जवळ आलं की बदला. ११ आणि १२ चक्रांच्या चेन अरुंद असतात, त्या २५५ ओलांडताच बदला. साध्या एका चक्राच्या सायकलला २५६.५ पर्यंत चालेल. वेळेवर बदललेली चेन कॅसेट वाचवते आणि कॅसेट चेनपेक्षा महाग असते.

हो, अजून एक. गंजलेली चेन स्वच्छ करायला संडास साफ करायचं अ‍ॅसिड किंवा गंज काढण्याचं रसायन वापरू नका. शिमानोच्या सूचनांमध्येही अ‍ॅसिड आणि अल्कली दोन्ही टाळायला सांगितलंय. त्यांनी चेन तुटू शकते, आणि चढावर उभं राहून पायडल मारताना चेन तुटली तर माणूस हँडलवरून पुढे पडतो. गंज खोलवर गेला असेल तर चेन सरळ बदला.

समुद्रपक्षी

आत्ताच मापलं. २५५ च्या आत आहे, म्हणजे ही चेन वाचवता येईल. ठरवलं ते लिहिते. पाऊस संपेपर्यंत ९० नंबर, एका वेळी एका रोलरवर एक थेंब, रात्रभर ठेवून सकाळी पुसायचं. आठवड्यातून एकदा मीठ धुऊन कोरडं करून परत. दोन मडगार्ड उद्याच लावून घेते. दसऱ्याआधी चेन काढून पूर्ण धुणार आणि थेंबाचं मेण सुरू करणार. ते गंजाला पुरलं नाही तर वेट ल्यूब.

शेवटचा प्रश्न. चेन दरवेळी काढायला पिन ठोकावी लागते का?

हवापंप

नाही ताई, ८ चक्रांच्या चेनला क्विक लिंक बसवून घ्या. एकदाच पिन काढायची, त्या जागी ती कडी. ८ चक्रांच्या मापाचीच मागा, ११ ची बसत नाही. पुढे हाताने, नाहीतर बारीक पकडीने उघडते. जुनी पिन परत ठोकू नका. गिअरच्या चेनमध्ये ती सैल होते आणि चढावर सुटते. ११-१२ चक्रांच्या बऱ्याच क्विक लिंक एकदाच वापरायच्या असतात, तुमची मात्र बंद करताना टक् आवाज येऊन घट्ट बसत असेल तोवर परत वापरता येते. बसवताना चेन ज्या बाजूने होती त्याच बाजूने लावा, आणि डिरेलरच्या दोन छोट्या चाकांमधून जाताना मधल्या पत्र्याच्या पट्टीच्या योग्य बाजूने गेली का ते बघा. चुकीच्या बाजूने गेली तर नुसती घासत राहते, आणि माणसाला वाटतं तेल संपलं. काढण्याआधी मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा.

समुद्रपक्षी

फोटो काढला. शनिवारी क्विक लिंक आणते आणि बसवून इथेच कळवते.